रात्रीच्या लेन्स आणि गौरीचे डोळे: वर्ष झालं, म्हणून लिहितो

रात्री डोळ्यांत लेन्स घालून झोपायचं, सकाळी काढायच्या आणि दिवसभर चष्म्याशिवाय हिंडायचं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही पेपरात येणारी ‘चष्मा कायमचा घालवा’ छापाची जाहिरातच वाटली होती. तसं नाही. पण त्यात जे आहे ते मराठीत नीट सांगणारं तेव्हा मला कोणी भेटलं नाही, आणि आमच्यासारख्या आर्वी तालुक्यातल्या खेड्यातून नागपूरला ये-जा करत हे निभवायचं तर शहरातल्या लोकांपेक्षा चार गोष्टी जास्तीच्या पाहाव्या लागतात. त्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. आर्वीत माझं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. पंपाचे शाफ्ट, जिनिंगचे बुश, असली कामं करतो.

करोनानंतर शाळा सुरळीत झाल्या तेव्हा, 2022 च्या सुरुवातीला, जिल्हा परिषद शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक आलं. माझ्या मुलीला, गौरीला, फळ्यावरचं दिसत नाही हे आम्हाला त्यांच्या चिठ्ठीवरून कळलं. तेव्हा ती नऊ वर्षांची. आर्वीत तपासलं, दोन्ही डोळ्यांना −1.50 नंबर निघाला, चष्मा केला. पुढच्या वर्षी जानेवारीत तीच तक्रार परत. उजव्याला −2.75, डाव्याला −3.00. आमच्या घरात माझ्या बायकोला −6 चा चष्मा आहे, त्यामुळे ती घाबरली. मला वाटलं होतं, वाढत्या वयात चपलेचा नंबर वाढतो तसा चष्म्याचाही वाढणारच.

मार्चमध्ये सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात दाखवलं. आर्वीहून वर्ध्याची एसटी, पुढे ऑटो. तिथे डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर काढला. लहान मुलांचा नंबर असाच काढायला हवा, कारण मुलं डोळ्यावर ताण देऊन वाचतात आणि नंबर आहे त्यापेक्षा जास्त निघू शकतो. थेंब घातले की त्या दिवशी जवळचं वाचता येत नाही आणि ऊन सहन होत नाही. जाताना टोपी किंवा गॉगल न्या आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी कागदावर डोळा काढून दाखवला. अशा नंबरात डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांब होत जातो. चित्र पडद्यावर पडायच्या ऐवजी पडद्याच्या अलीकडेच पडतं. मोठ्या माणसाचा डोळा साधारण 24 मिलिमीटर लांब असतो आणि लांबी एक मिलिमीटरनं वाढली तर नंबर अडीच-तीननं चढतो. लांबलेला डोळा परत आखूड होत नाही. नंबर फार वाढला तर पुढे पडदा ताणल्यामुळे होणारे आजार वाढतात, खरी काळजी ती. चष्म्यानं दिसतं, पण साध्या चष्म्यानं ही वाढ थांबत नाही.

मग उपाय काय? त्यांनी चार सांगितले: रोज रात्री कमी ताकदीच्या अ‍ॅट्रोपिनचा थेंब, खास काचांचा चष्मा, दिवसा घालायच्या खास मऊ लेन्स आणि रात्रीच्या कडक लेन्स. शिवाय कोणताही उपाय घ्या, पोरीला रोज दोन तास उजेडात बाहेर खेळू द्या, असं बजावलं. हा पाचवा उपाय फुकट आहे आणि खेड्यात सर्वांत सोपा आहे. दुपारी दोनच्या उन्हात नाही, सकाळ-संध्याकाळ चालतं.

आम्ही रात्रीच्या लेन्सकडे झुकलो याचं एक कारण खो-खो. गौरी शाळेच्या संघात आहे आणि वर्षभरात तिनं चष्म्याच्या दोन फ्रेमा मोडल्या होत्या. दुसरं कारण असं की लेन्स घालायच्या-काढायच्या त्या घरात, आमच्या डोळ्यांसमोर. शाळेत काही करायचं नाही. पण थेंब स्वस्त आहेत, सोपे आहेत, आणि पुष्कळ घरांना तेच बरे पडतील, असं आता वर्षभरानंतर मी ठामपणे म्हणेन.

एप्रिलमध्ये नागपूरला गेलो. फोनवर वेळ घ्यायला आठवडा गेला, कारण या लेन्स बसवणारं माणूस आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतं. वेळ घेताना ‘टोपोग्राफी (डोळ्याच्या पुढच्या काचेचा नकाशा) आणि डोळ्याची लांबी दोन्ही तुमच्याकडे मोजता का’ हे विचारा. लांबी मोजायचं मशीन नसेल तर पुढे उपाय लागू पडतोय की नाही हे कळायला नीट मार्ग उरत नाही. आर्वीहून तळेगाव, कारंजा, कोंढाळी करत एसटी गणेशपेठच्या स्टँडवर सोडते. मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, गौरीचं वयामुळे अर्धं, पूर्ण भाडं फक्त माझं. त्यामुळे पुढे बहुतेक खेपांना मायलेकीच गेल्या, हेही सांगून टाकतो.

पहिल्या दिवशीच्या तपासण्यांचे दोन हजार झाले. नंबर, डोळ्याचा दाब, अश्रूंचा थर, अंधारात बाहुली किती मोठी होते ते, आणि टोपोग्राफी. टोपोग्राफीत एका वाडग्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून बघायचं. आत गोल-गोल प्रकाशाच्या रेषा असतात. त्यांचं बुबुळावर जे प्रतिबिंब पडतं, त्यावरून मशीन बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, म्हणजे कॉर्नियाचा, नकाशा काढतं. जास्त वळलेला भाग लालसर, सपाट भाग निळसर. गौरीच्या उजव्या डोळ्याचा मधला भाग 43.50 डायॉप्टर (म्हणजे नंबराच्याच मापात त्याची ताकद) आला. मी विचारलं, त्रिज्या किती? ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून लेन्स बसवणारी मुलगी, हसली आणि म्हणाली, 7.76 मिलिमीटर. तिथून आमचं जमलं. जे त्रिज्येत सांगता येतं ते मला समजतं.

तिनं सांगितलेलं माझ्या भाषेत असं. कॉर्नियाचा मधला भाग थोडा सपाट केला की प्रकाश थोडा मागे जाऊन एकत्र येतो, म्हणजे बरोबर पडद्यावर. उजव्या डोळ्यात 2.75 नंबर घालवायचा आणि संध्याकाळपर्यंत टिकावं म्हणून 0.75 जास्तीचे. म्हणून 43.50 मधून साडेतीन वजा करून लेन्सचा मधला वाक 40.00 डायॉप्टरचा, म्हणजे त्रिज्या 8.44 मिलिमीटर, डोळ्यापेक्षा सपाट. लेन्सचा व्यास साडेदहा मिलिमीटरच्या वर, म्हणजे जवळजवळ पूर्ण कॉर्निया झाकणारी. आतून चार वेगवेगळे वाक. मधला सपाट, त्याच्या भोवती एकदम खोल वळलेलं कडं, मग डोळ्याला धरून बसणारा भाग आणि शेवटी उचललेली कड. मधल्या सपाट भागापेक्षा बाहेरचं कडं जास्त वळलेलं, हे साध्या कॉन्टॅक्ट लेन्सच्या उलट आहे. या उलट्या वाकाच्या लेन्स 1989 च्या सुमारास आल्या. त्याआधी 1962 पासून जॉर्ज जेसन यांच्यासारखी मंडळी साध्या सपाट कडक लेन्स वापरून हेच करू पाहत होती, पण लेन्स जागेवर बसायच्या नाहीत. रात्री घालायच्या लेन्सला अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी 2002 मध्ये मिळाली, −6 पर्यंतच्या नंबरासाठी. प्लास्टिक असं हवं की त्यातून प्राणवायू आरपार जाईल, कारण झोपेत पापणी मिटलेली असते आणि कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतात. आणि हो, या लेन्स संगणकावर चालणाऱ्या लेथवरच कातल्या जातात. हे ऐकून मी त्या दिवशी जरा जास्तच प्रश्न विचारले.

माझी शंका अशी होती की लेन्स डोळ्याला दाबून चपटा करते का. तर नाही. लेन्स आणि कॉर्निया यांच्यामध्ये अश्रूंचा काही मायक्रॉनचा थर असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लेन्स मध्ये टेकत नाही. मध्ये तो थर पातळ, कड्याखाली जाड. त्यामुळे मध्ये दाब आणि कड्याखाली ओढ तयार होते आणि कॉर्नियाचा सर्वांत वरचा थर मधून पातळ, बाजूला जाड होतो. हा वरचा थरच जेमतेम 50 मायक्रॉनचा. तीनच्या आसपासचा नंबर घालवायला त्यातले दहा-पंधरा मायक्रॉन पुरतात. आमच्या वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटरवर दहा मायक्रॉन म्हणजे जेमतेम एक घर. अख्खा कॉर्निया 540 मायक्रॉनच्या आसपास, त्याचा खालचा मोठा भाग तसाच राहतो. काही कापलं जात नाही. लेन्स बंद केल्या की वरचा थर हळूहळू मूळ जागी येतो आणि नंबर परत येतो. ‘नंबर गेला’ असं कोणी म्हणालं तर त्याला थांबवा. नंबर दिवसापुरता झाकलेला असतो.

मग लांबी कशी थांबते? मधला भाग सपाट आणि भोवतीचं कडं जाड झाल्यामुळे पडद्याच्या कडेकडेला पडणारा प्रकाश पडद्याच्या पुढे एकत्र येतो, आणि त्यामुळे डोळ्याला मागे वाढायचा इशारा कमी मिळतो, असं समजतात. यंत्रणा पूर्ण उलगडलेली नाही, पण मोजमापं आहेत. हाँगकाँगमध्ये 6 ते 10 वर्षांच्या मुलांवर झालेल्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांत चष्मा घातलेल्या मुलांचे डोळे सरासरी 0.63 मिलिमीटर वाढले, रात्रीच्या लेन्सवाल्यांचे 0.36. म्हणजे वाढ 43 टक्क्यांनी कमी. थांबली नाही, मंदावली. हा आकडा मी मुद्दाम लिहून घेतला, कारण बायकोला ‘आता वाढणारच नाही’ असं वाटायला लागलं होतं. त्या दिवशी गौरीच्या डोळ्यांची लांबी उजवी 24.31, डावी 24.38 भरली. तुम्ही गेलात तर हा आकडा कागदावर मागून घ्या.

पैशांचं. लेन्सच्या जोडीचे बेचाळीस हजार, त्यात पहिल्या तीन महिन्यांच्या तपासण्या आणि त्या काळात लेन्स बदलावी लागली तर बदलून देणं धरलेलं. निम्मे आगाऊ. वर्षभरानं साधारण नवी जोडी लागते. लेन्स धुवायची द्रावणं आणि लेन्स घालता-काढताना लागणारे थेंब यांचे महिन्याला हजार-बाराशे वेगळे. आरोग्य विम्याच्या एजंटाला विचारलं तर त्यानं पॉलिसीचं पान उघडून दाखवलं: 7.5 डायॉप्टरपेक्षा कमी नंबरासाठीचा उपचार वगळलेला. हे कलम बहुतेक पॉलिसींत असतं, तेव्हा खेपा घालण्याआधी आपल्या पॉलिसीचं ते पान वाचून घ्या. आम्ही भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस एप्रिलमध्ये काढला, त्यातून भागवलं.

संमतीपत्र इंग्रजीत होतं. मी म्हटलं, मराठीत समजावून सांगा, मग सही करतो. त्यांनी सांगितलं आणि बरं झालं, कारण त्यातच खरी गोष्ट होती: डोळ्यात जंतुसंसर्ग. प्रमाण कमी आहे, पण झाला तर कॉर्नियावर जखम होऊन कायमचा डाग राहू शकतो. 2000 च्या आसपास चीन, तैवान, हाँगकाँगमध्ये मुलांमध्ये असे प्रकार बरेच झाले, कारण निगराणी नव्हती आणि लेन्स नळाच्या पाण्यानं धुतल्या जात होत्या. पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असतो, तो कॉर्नियात शिरला तर महिनोन्‌महिने औषध चालतं. म्हणून लेन्सला, डबीला आणि लेन्स काढायच्या रबरी पंपाला पाणी लावायचं नाही. विहिरीचं नाही, नळाचं नाही, उकळलेलं नाही, आरओचंही नाही. जी काही धुणी, ती बाटलीतल्या द्रावणानं.

लेन्स यायला तीनेक आठवडे लागले. मे महिन्याच्या सुट्टीतच हे बसवा असं त्यांनीच सुचवलं होतं, कारण पहिले आठ-दहा दिवस ना चष्म्यानं नीट दिसत ना चष्म्याशिवाय, आणि शाळा असली तर पोर फळ्याला मुकतं. पहिल्या रात्रीनंतर सकाळी लगेच तपासायचं असतं, म्हणून आम्ही नागपुरातच मानेवाड्याला मेहुण्याकडे मुक्काम केला.

घालायला शिकवताना पोरीनं जे धैर्य दाखवलं ते मला जमलं नसतं. साबणानं हात धुवायचे, टिश्यू पेपरनं कोरडे करायचे. टॉवेल नको, त्याचे तंतू बोटाला चिकटतात. लेन्स बोटाच्या टोकावर वाटीसारखी धरायची, तिच्यात अश्रूंसारखे थेंब काठोकाठ भरायचे, मग मान पूर्ण खाली घालून, आरशाकडे बघत लेन्स डोळ्याकडे वर न्यायची. मान खाली असते तेव्हा थेंब सांडत नाहीत आणि आत हवेचा बुडबुडा अडकत नाही. बुडबुडा अडकला तर काढून परत. पहिल्यांदा टोचतं, पाणी येतं, डोळे मिटले की पाच-दहा मिनिटांत कमी होतं. मेहुणीनं हे बघून देवघरात दिवा लावला होता.

सकाळी काढताना घाई करायची नाही, हे सर्वांत महत्त्वाचं. उठल्याबरोबर लेन्स बुबुळाला घट्ट बसलेली असते. आधी दोन-तीन थेंब घाला, पाच मिनिटं थांबा, पापणीच्या कडेनं हळूच ढकलून लेन्स सरकते का बघा. सरकली तरच पंप लावा. न सरकलेली लेन्स ओढली तर वरचा थर खरवडतो.

आदल्या दिवशी चष्म्याशिवाय गौरीला तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळीच जेमतेम दिसायच्या. पहिल्या रात्रीनंतर ती बरीच खालपर्यंत आली. तिला स्वतःला मात्र त्याचं विशेष वाटलं नाही. दवाखान्याच्या खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचत बसली होती आणि नाश्त्याला पोहे कुठे खायचे हे विचारत होती. बायको माझ्याकडे बघून रडायला लागली.

गावी आल्यावर खरी परीक्षा. आईनं पहिल्याच रात्री विचारलं, “काहून वो, पोरीच्या डोयात रातभर काच ठेवता काय तुमी?” बायको म्हणाली, “आई, काच नाही, प्लास्टिक आहे.” आई म्हणाली, “मंग तं अजूनच वाईट!” पुढे पंधरा दिवस ती रोज सकाळी गौरीचा डोळा स्वतः पाहून घ्यायची, लाल आहे का. खरं सांगायचं तर तिच्याइतकी नेमानं तपासणी दुसऱ्या कोणी केली नाही.

उन्हाळ्यात आम्ही अंगणात खाटा टाकून झोपतो. कूलरचा वारा, धूळ, वर कडुलिंबाचा मोहर. लेन्स घालायची जागा घरात ठरवली. कापूस भरला होता त्या खोलीत अजून तंतू उडत होते, ती सोडून आतल्या खोलीत एक टेबल फक्त या कामाला ठेवलं. लेन्स पडली तर सापडावी म्हणून खाली पांढरा टॉवेल. पारदर्शक लेन्स शेणानं सारवलेल्या जमिनीवर शोधून बघा एकदा. रात्री लाईट जाते म्हणून डोक्याला बांधायचा चार्जिंगचा टॉर्च घेतला, तो आरशासमोर फार उपयोगी पडतो. द्रावणाच्या बाटल्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवू नका. आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि बाटलीवर किती तापमानापर्यंत ठेवायची ते छापलेलं असतं. आम्ही माठाजवळच्या कोनाड्यात ठेवल्या. कडक लेन्सचं द्रावण आर्वीच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मऊ लेन्सचं मिळतं आणि दुकानदार ‘एकच असते’ म्हणतो. ते एक नसतं. नागपूरहून दोन महिन्यांचं एकदम आणा, एक्सपायरी पाहून.

आठवड्यानंतरच्या तपासणीत उजवा डोळा तक्त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत, डावा एक ओळ मागे. पण गौरी म्हणत होती की डाव्यानं अक्षराला सावली दिसते, एकाचे दोन. टोपोग्राफी काढली तेव्हा उजव्या डोळ्यात मधोमध निळा गोल आणि भोवती लाल कडं, अगदी नेमबाजीच्या चकतीसारखं. डाव्यात निळा गोल वर सरकलेला आणि लाल भाग खाली हसऱ्या तोंडासारखा. म्हणजे रात्री लेन्स वर चढून बसत होती, धरून बसणारा वाक थोडा सैल होता. मग डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या प्रकाशात लेन्स कशी बसते ते दाखवलं. जिथे अश्रू जास्त तिथे हिरवं चमकतं, जिथे कमी तिथे काळं. सैल बाजूला हिरवं कडेपर्यंत वाहत होतं. फिट पाहायची ही पद्धत मला इतकी आवडली की विचारू नका.

डाव्या डोळ्याची लेन्स नवी मागवली. परत दोन आठवडे वाट. तोवर उजव्याला रात्रीची लेन्स आणि डाव्याला दिवसा चष्म्याची एकच काच, असं विचित्र चाललं होतं. पोरगी कंटाळली, डोकं दुखायचं. या टप्प्यावर पुष्कळ लोक सोडून देतात असं ऑप्टोमेट्रिस्ट म्हणाली. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात याचा फायदा झाला, शाळा सुरू व्हायच्या आत दुसरी लेन्स आली आणि सावली गेली. उजव्या डोळ्याचा 43.50 चा मध्य सकाळी 40.75 भरत होता.

पूर्ण निर्दोष दिसतं असं मात्र नाही. अंधारात बाहुली मोठी होते आणि सपाट भागाच्या बाहेरून येणारा प्रकाशही आत जातो, त्यामुळे रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती गौरीला कडं दिसतं. ती लहान आहे, गाडी चालवत नाही, म्हणून चाललं. मोठ्यांनी लेन्स घ्यायच्या आधी हे डॉक्टरांना नक्की विचारावं. आणि झोप सात-आठ तासांची हवी. लग्नाच्या गडबडीत रात्री एक वाजता झोपून पाचला उठलेल्या दिवशी दुपारनंतर तिला फळा अंधुक दिसला.

जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळे येण्याची साथ आली होती, आठवत असेल. तान्ह्या पोळ्याच्या बरंच आधी आमच्या शाळेतही ती पोचली आणि गौरीचा एक डोळा लाल झाला. नियम साफ आहे: डोळा लाल, दुखतोय, चिकट आहे, ताप-सर्दी जोरात आहे, तर त्या रात्री लेन्स नाही. फोन केला, त्यांनी दोन्ही लेन्स बंद करायला आणि डोळा दाखवायला सांगितलं. मेडिकलमधून परस्पर थेंब आणू नका, विशेषतः स्टेरॉइडचे, असंही बजावलं. कॉर्निया ठीक होता, साधी साथच होती.

त्या काळात नंबर परत येताना आम्ही प्रत्यक्ष पाहिला. पहिल्या दिवशी सगळं ठीक. दुसऱ्या संध्याकाळी टीव्हीच्या खालची पट्टी वाचता येईना. मग रोज थोडं थोडं कमी, आणि आठवडा उलटता उलटता जुना चष्मा बऱ्यापैकी लागू पडायला लागला. मधल्या दिवसांत कोणताच चष्मा बरोबर बसत नाही, कारण नंबर रोज वेगळा. तरी जुना चष्मा फेकू नका, आणि आधीचा कमी नंबराचा असेल तर तोही ठेवा, आमचा −1.50 चा तेव्हा दोन-तीन दिवस कामाला आला. डॉक्टरांनी होकार दिल्यावर डबी, पंप आणि उघडलेलं द्रावण टाकून नवं घेतलं, लेन्स त्यांच्याकडूनच स्वच्छ करून आणल्या.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फारसं नाही. रोजचं काम रोजचं झालं. दिवाळीनंतर गौरी स्वतः घालायला-काढायला लागली. हात धुतलेत की नाही हे मात्र अजून बायको बघते. तीन-चार महिन्यांनी एक खेप नागपूरची.

मे 2024 मध्ये वर्षाची तपासणी झाली. तक्ता नेहमीसारखा शेवटपर्यंत वाचला, त्यात मला रस नव्हता. रोज लेन्स घातली तर तक्ता वाचता येणारच. लांबी उजवी 24.50, डावी 24.58. म्हणजे वर्षात 0.19 आणि 0.20. हाँगकाँगच्या लेन्सवाल्या मुलांच्या सरासरीच्या जवळपास. लेन्स नसत्या तर किती वाढली असती हे एका पोरीवरून कोणी सांगू शकत नाही. आधीच्या वर्षी लांबी मोजलीच नव्हती, त्यामुळे तुलना नंबराशीच: त्या वर्षी सव्वा ते दीड नंबर चढला होता. डॉक्टरांचं म्हणणं, चालू ठेवा, किशोरवयात वाढ मंदावेपर्यंत काही वर्षं, आणि दर सहा महिन्यांनी लांबी मोजा. वाढ जास्त दिसली तर सोबत अ‍ॅट्रोपिनचा थेंब जोडता येतो.

गावातून दोघा-तिघांनी विचारलं. एका घरात मुलगा सहावीत, पण तो आजीजवळ राहतो आणि आईवडील पुण्यात कामाला. त्यांना मी अ‍ॅट्रोपिनच्या थेंबांसाठी सेवाग्रामला पाठवलं. आजीला रात्रीची लेन्स, पंप, द्रावण हे सगळं झेपलं नसतं.

दुसऱ्या वर्षाची जोडी मागवली आहे. या वेळी अडतीस हजार, कारण पहिल्या तपासण्या नाहीत. जुनी उजवी लेन्स अडीअडचणीला ठेवायला डॉक्टरांनी परवानगी दिली. डावीवर ओरखडा होता, ती टाकली.